बाळंतिणीची वाटी

माझ्या सासूबाईंनी बाळंतपणात मला पाणी दिलं नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की ते सुरू होताच माझा नवरा उठून गॅलरीत जातो. जाऊ दे त्याला. तहान त्याला लागली नव्हती.

अगदीच दिलं नाही, असं म्हणता येणार नाही. वाटीने दिलं. पितळेची, आतून कल्हई केलेली, मुठीत झाकली जाईल एवढी ती वाटी. एरवी ती देवघराखालच्या कप्प्यात, बाळगुटीच्या सहाणेशेजारी पालथी पडलेली असायची आणि घरात कुणी बाळंत झालं की बाहेर निघायची. बाळंतिणीची वाटी, असंच म्हणत तिला. लाडू खाल्ला की एक वाटी, जेवण झालं की एक वाटी. पाणी ओवा आणि बाळंतशेपा घालून उकळलेलं, कोमट, पिवळट. "जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं," सासूबाई म्हणायच्या. "अंगात वारा शिरतो. बाळाला सर्दी होते ती निराळीच. ह्याच वाटीवर मी दोन बाळंतपणं काढली. मला काय झालं?"

म्हणजे ही वाटी त्यांच्या सासूबाईंनीही त्यांच्यापुढे धरली होती. हे कळलं की लोक मला समजावतात, मग त्यांचा तरी काय दोष. मला ते पटत नाही. जिने स्वतः तहान काढली आहे, तिला तहान म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. तिने ती जपून ठेवून दुसरीला द्यावी, याला मी अज्ञान म्हणत नाही.

मी मूळची अकोल्याची. तिथल्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला आले, तेव्हा संगणकाच्या कंपन्या नुकत्या कुठे उघडत होत्या आणि आमच्या वर्गातली निम्मी मुलं माझ्याच गाडीने आली होती. कंपनीतच ओळख झाली, लग्न झालं आणि मी नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर येऊन पडले. सासरे नव्हते. घरात नवरा, मी आणि सासूबाई. त्यांना मी 'अहो आई' म्हणत असे आणि माझ्या आईला 'अगं आई'. सासूबाईंशी मी आजतागायत एका शब्दानेही अनादराने बोललेली नाही. राग अदबीने सांभाळला की जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

मला दिवस गेले त्या सुमाराला सगळ्या कंपन्यांना एकाच धास्तीने घेरलं होतं. दोन हजार साल उजाडलं की तारखांचा घोळ होऊन संगणक बावचळतील म्हणे. त्यासाठी अमेरिकेला माणसं हवी होती, त्यात माझ्या नवऱ्याचा नंबर लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण नेमके माझे वडील स्कूटरवरून पडले. त्यांचा पाय मोडला आणि त्यांना सोडून आईला हलता येईना. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही करू की. पुण्यातही मुलं होतात."

उन्हाळ्यात मुलगी झाली. नारायण पेठेतल्या त्या मागच्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, माझ्या कानांना फडकं बांधलेलं, अंगात स्वेटर आणि खाटेखाली शेकाची शेगडी. खाण्यात सासूबाईंनी हात आखडला नाही, हे मात्र मी मान्य करते. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, मेथी, अळीव, भाकरीवर तुपाची धार. पण डिंकाचा लाडू कोरड्या तोंडात टाकून पाहा. तो टाळूला चिकटतो आणि गिळायचा म्हटलं तर थुंकी लागते. ती कुठून आणायची? लाडू संपेपर्यंत सासूबाई समोर बसून राहायच्या. मग वाटी यायची. मी ती रिकामी करून पुढे धरायची आणि म्हणायची, "आणखी." त्या म्हणायच्या, "पुरे." दिवसभरात आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं.

आज माझी मुलगी मला विचारते, उठून प्यायचं ना सरळ, हातपाय बांधले होते का तुझे? तिला काय सांगणार. टाके ओले होते, स्वयंपाकघर दुसऱ्या बाईचं होतं, माठ तिच्या डोळ्यांसमोर होता. आणि ती बाई माझ्या बाळासाठी पहाटेपासून राबत होती. राबणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तिथेच माणूस मार खातो.

तरी मी एकदा चोरून प्यायले. आंघोळीच्या वेळी बादलीतलं ऊन पाणी अंगावर घेता घेता तांब्या तोंडाला लावला. साबणाची चव होती, तरी सगळा संपवला. दाराबाहेर सासूबाई धुरीची तयारी करत होत्या. पाणी पडायचा आवाज मध्येच थांबला, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आत येऊन स्वतःच्या हाताने मला पाणी घालू लागल्या. कंपनीत माझ्या हाताखाली माणसं होती, अमेरिकेतले साहेब माझं काम वाखाणत होते आणि मी तिथे पाटावर उघडी बसून दुसरीच्या हातातल्या तांब्याकडे बघत होते. त्या दिवशी माझ्या मनात जे बसलं, ते अजून उठलेलं नाही.

मग दूध कमी झालं. कमी होता होता आटलं. मुलगी ओढून ओढून दमायची आणि किंचाळायची. ओठ फुटले होते माझे, डोकं सतत ठणकायचं. सासूबाईंनी वरचं दूध सुरू केलं आणि बाटली घेऊन तिला स्वतःच्या मांडीवर घेतलं. बघायला येणाऱ्या बायकांना त्या माझ्यासमोरच सांगायच्या, "हिला दूधच नाही. दिवसभर त्या संगणकापुढे बसून बसून आटलं असणार. शिकलेल्या मुलींचं हे असंच." बायका माझ्याकडे बघून च् च् करायच्या. माझं मूल माझ्यापासून दोन हातांवर दुसऱ्या बाईच्या मांडीवर भूक भागवत होतं आणि मी त्याला काही देऊ शकत नव्हते. मला वाटायला लागलं होतं की खरंच माझ्यातच खोट आहे.

एका सकाळी मला ताप भरला आणि खाटेवरून उतरताना मी खालीच बसले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रिक्षा आणली. सासूबाई, काकू, मी आणि मुलगी, अशा चौघी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी मला विचारलं, "पाणी पिता ना नीट?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण जीभ टाळूला अशी चिकटली होती की शब्द बाहेर पडेना. सासूबाई म्हणाल्या, "पिते की. हवं तेवढं पिते. ह्या मुलींना बाटल्या घेऊन हिंडायची सवयच असते."

डॉक्टरीणबाईही पुण्याच्याच. त्या म्हणाल्या, "असं? मग जातं कुठे, ते बघायला हवं," आणि त्यांनी नर्सला सलाईन लावायला सांगितलं.

वाटीवर मी एक वेळ पाणी सोडलं असतं. जुनी समजूत, जुनी बाई. पण 'हवं तेवढं पिते' हे त्या माझ्या तोंडावर बोलल्या. म्हणजे पाणी द्यायला हवं, हे त्यांना कळत होतं. डॉक्टरपुढे लाज वाटण्याइतकं तरी नक्कीच कळत होतं. ते वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही.

सुई टोचली. बाटली खांबाला टांगली होती आणि नळीच्या वरच्या टोकाला थेंब पडताना दिसत होते. दंडातून काहीतरी गार वर चढायला लागलं. मी पडल्या पडल्या त्या थेंबांकडे बघत होते आणि बघता बघता मला रडू आलं. खरंखुरं, पाणी असलेलं रडू. त्याआधी कितीतरी दिवस मी नुसतीच तोंड वाकडं करत होते, डोळ्यांत काही यायचंच नाही. एक बाटली संपली, दुसरी लागली, तीत पिवळं जीवनसत्त्वाचं औषध मिसळलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की बाळाला प्रत्येक वेळी पाजायच्या आधी पेलाभर पाणी प्यायचं आणि मूल अंगावर लावत राहायचं. नर्सने तांब्या उशाशी आणून ठेवला. मी तो बघता बघता संपवला. हळूहळू ताप उतरला आणि मुलगी पुन्हा ओढायला लागली. आधी थोडं आलं, मग भरून आलं. ती पोट भरून झोपली, तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला दूध होतं. ते मी पुसलंच नाही.

आता कुणालाही वाटेल, प्रश्न मिटला. घरी आल्यावर सासूबाई मला मागेन तेवढं पाणी देऊ लागल्या, हेही खरं. पण त्यांनी गोष्टच फिरवली. भेटायला येणाऱ्या बायकांना त्या सांगायला लागल्या, "सलाईनमधून शक्तीचं औषध घातलं तेव्हा कुठे दूध उतरलं. हिचं कसलं, ते सलाईनचं दूध आहे." हे त्यांना फार आवडलं. सलाईनचं दूध. भजनी मंडळात गेलं, वाण्याकडे गेलं, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडी आलं. एकीने तर मला विचारलंही, "सलाईनच्या दुधाने मुलीचं वजन वाढतंय ना?"

त्या दिवशी मी ठरवलं. ज्या बायकांपुढे त्यांनी हे पसरवलं, त्याच बायकांपुढे त्यांच्याच तोंडून खरं वदवून घ्यायचं. मी हिला पाणी दिलं नाही. एवढंच वाक्य. मला क्षमा नको होती, फक्त ते वाक्य हवं होतं.

माझ्या आजारपणामुळे बारसं पुढे गेलं होतं. आदल्या दिवशी आई अकोल्याहून आली. वडील काठी घेऊन चालायला लागले होते. तिला मी मागच्या खोलीत सगळं सांगितलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. आमच्या घराच्या ओट्यावर उन्हाळाभर रांजण असायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही ती हाक मारून पाणी द्यायची. हे ऐकून ती नुसतं एवढंच म्हणाली, "पान्यासाठी? पान्यासाठी, माय?"

संध्याकाळी सासूबाईंनी कामं वाटून दिली. चुलत जावा, भाच्या यांना पाळणा, ओटी, पेढे. आईला म्हणाल्या, "विहीणबाई, आपण पाण्याचं बघा. तेवढं जमेल आपल्याला." आई म्हणाली, "हाव." मी तिथेच सगळं ठरवलं.

मी देवघराखालून ती वाटी काढली आणि आईच्या हातात दिली. उद्या प्रत्येकीच्या फुलपात्रात हिनेच मोजून, ओव्याचं कोमट पाणी घालायचं. एक वाटी. कुणी आणखी मागितलं तर सांगायचं, ह्या घरात एवढंच देतात. आईने वाटी उलटसुलट करून बघितली, मग पदरात बांधून कमरेला खोचली.

बारशाला घर भरून गेलं होतं. उकाडा मरणाचा, बायका जरीच्या साड्यांत, पंखा नुसता गरम वारा ढकलतोय. मी पाळण्याशेजारी पाटावर. नाव ठेवून झालं, मुलीच्या कानात कुर्र झालं आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या. सासूबाईंच्या हातच्या घुगऱ्या, कोरड्या आणि चांगल्या झणझणीत. बायकांनी चार दाणे खाल्ले आणि पाण्यासाठी माना वर केल्या.

आई आली. हातात पातेलं, पातेल्यात ती वाटी. फुलपात्राचा तळ जेमतेम झाकेल एवढं ओतायची आणि पुढे सरकायची. बायका आधी फुलपात्रात बघायच्या, मग एकमेकींकडे. एकीने विचारलं, "अहो, गार पाणी नाही का? आणि एवढंसं?"

आई म्हणाली, "विहीनबाईच्या घरची रीत हाये. बाळंतिनीले एवढंच देतात."

खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी मला रिक्षात घातलं होतं, त्या भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. "एवढंच? म्हणून तिला सलाईन लावावं लागलं होय?" सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे वळले. पाळण्याची दोरी माझ्या हातातून सुटली. आता, मी मनात म्हणत होते. आता बोला.

सासूबाई कसलेल्या होत्या. "उकाड्यात कोमट पाणीच पोटाला बरं," असं म्हणून त्यांनी काही घडलंच नाही अशा थाटात घुगऱ्यांचा घास तोंडात टाकला. तो घास अडकला. ठसका लागला, तो थांबेना. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हात हवेत काहीतरी शोधायला लागला. आई त्यांच्यासमोरच उभी होती, वाटी हातात. एवढं सरळ जुळून आलेलं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. मी आईच्या डोळ्यांकडे बघत होते. दे, तेवढंच दे, आणि मागू दे.

आईने वाटी पातेल्यात टाकली. कोपऱ्यातल्या माठावरचा तांब्या, सासूबाईंनीच कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मुद्दाम घडवून आणलेला, तो तिने बुडवून भरला, सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला. "सावकाश प्या," म्हणाली. सासूबाईंनी सगळा तांब्या संपवला. मग बायकांनीही माठाकडे धाव घेतली, हसणं सुरू झालं, पेढे आले, ओट्या भरल्या. माझं वाक्य हवेत राहून गेलं.

पाहुणे गेल्यावर मी आईला कोपऱ्यात गाठलं. "का दिलंस?"

"त्याईचा जीव चालला होता वं."

"माझाही चालला होता."

"हाव," आई म्हणाली. "म्हनूनच."

मी तिच्याशी त्या रात्री बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवायलाही खाली उतरले नाही. बाळंतीण असल्याचं निमित्त होतं.

त्यानंतर सलाईनच्या दुधाची गोष्ट कुणी काढली नाही, एवढं झालं. पण सासूबाईंनी कबूल काहीच केलं नाही. उलट आईचं नाव निघालं की त्या म्हणायच्या, "त्यांना पाणी द्यायला छान येतं." भर सभेत माझ्या आईच्या हातून पाणी प्यावं लागलं, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही, हे मला दिसत होतं आणि त्याचा मला आनंद होता. वाटी मी त्याच संध्याकाळी माझ्या बॅगेत घातली. सासूबाईंनी ती पुढे कितीतरी दिवस शोधली. मीही त्यांच्याबरोबर शोधू लागले, खाटेखाली वाकून वगैरे.

नवरा परत आला, आम्ही वाघोलीत फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती आणि पाणी टँकरने यायचं, तरी मी प्रत्येक खोलीत भरलेला तांब्या ठेवायची. काही वर्षांनी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हापासून त्यांच्या उशाशी मी रोज काठोकाठ भरलेला तांब्या ठेवते आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत तिथून हलत नाही. नात्यात कुणाला दिवस गेले की त्यांच्यादेखत त्या मुलीला सांगते, पाणी भरपूर पी हो, मला मिळालं नव्हतं. सासूबाई वर्तमानपत्राचं पान उलटतात. नवरा गॅलरीत जातो. माझी मुलगी म्हणते, "मम्मा, किती वर्षं ताणणार आहेस? इट्स सो ओल्ड." मी म्हणते, तुला काय, तुझं पोट भरलेलं होतं.

आणि गेल्या उन्हाळ्यात ती स्वतः बाळंत झाली. ती आयटीतच आहे, तिचं ऑफिस खराडीला, बाळंतपणाला माझ्याकडेच आली होती. बाळंतपणात रक्त बरंच गेलं, उलट्या थांबेनात, म्हणून दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी आणखी काही दिवस सलाईन आणि जीवनसत्त्वं द्यायला सांगितली. हल्ली नर्स घरी येऊन लावून जाते. मुलीने फोनवरच सगळं बुक केलं. ती पलंगावर टेकून बसली होती, एका हाताला नळी, दुसऱ्या हातात फोन. बाटली नाही आता, मऊ पिशवी असते, ती नर्सने पडद्याच्या दांडीला अडकवली. सासूबाई खिडकीशी त्यांच्या खुर्चीत होत्या. त्या पिशवीकडे बघत होत्या. मी अळिवाची खीर घेऊन दारात पोचले होते.

नर्स लातूरकडची, बोलकी मुलगी. हाताला चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, "आजी, तुमच्या टायमाला असलं काय नव्हतं ना?"

"होतं की," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या आईला लावलं होतं. मी तिला पाणी दिलं नव्हतं, म्हणून."

जेवायला काय केलंय, असं विचारावं त्या आवाजात. नर्सने "हो का" म्हणून पट्टी कापली. तिला काय कळणार. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं जळले, ते त्यांनी एका परक्या मुलीला सहज देऊन टाकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मला समाधान वाटायला हवं होतं. मला संताप आला.

मी खीर टेबलावर ठेवली, अकोल्याला आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई आता थकली आहे, कानाने कमी झाली आहे. "अगं आई, सासूबाई काहीतरी सांगतायत, ऐक," मी म्हणाले आणि फोन सासूबाईंपुढे धरला. "अहो आई, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा. माझ्या आईला ऐकू द्या."

"मम्मा, बास ना, चिल," मुलगी म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

सासूबाईंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नाही म्हणू शकल्या असत्या. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "हिच्या बाळंतपणात मी हिला पाणी दिलं नाही."

"काय म्हनते?" तिकडून आई. "ऐकू नाही आलं वं. मोठ्यानं सांगा म्हना."

"मोठ्याने," मी म्हणाले.

सासूबाईंनी मान ताठ केली आणि पुन्हा सांगितलं. "मी हिला पाणी दिलं नाही. मागत होती, तरी दिलं नाही. आणि डॉक्टरणीला खोटं सांगितलं." हे शेवटचं मी मागितलं नव्हतं. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला आणि त्यांना खोकला आला. कोरडा, वयाचा, लवकर न थांबणारा.

मी वाट बघत होते. माझ्यासाठी नाही तर तिच्या स्वतःसाठी तरी ती आता काहीतरी बोलेल.

"त्याईले पानी दे आधी," आई म्हणाली. "घसा सुकला त्याईचा. आवाजावरूनच समजते मले."

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तांब्या भरलेलाच होता. मी तो उचलला आणि मग वरच्या कपाटातून, डब्यांच्या मागून, ती वाटीही काढली. कल्हई उडाली होती. सासूबाईंनी ती लांबूनच ओळखली. एवढी वर्षं ती कुठे होती, हे विचारलं नाही. मी तांब्यातून वाटीत ओतलं आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एका घोटात संपवली आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"आणखी," त्या म्हणाल्या.

'पुरे' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. इतकी वर्षं मी तो सांभाळला होता आणि तो कसा म्हणायचा, हेही मला पाठ होतं. पलंगावर माझी मुलगी, तिच्या हातातली नळी आणि दोरीसारखा ताणलेला तिचा चेहरा. ती माझ्याकडे बघत होती.

मी वाटी भरली. त्यांनी ती संपवली, पुन्हा पुढे केली. मी पुन्हा भरली. तांब्या मात्र मी त्यांच्या हातात दिला नाही. तेवढं मी माझ्याकडे ठेवलं.

"दिलं का वं?" आई फोनमधून विचारत होती.

"देतेय," मी म्हणाले.